मोकळी ओळ

आमच्या डायलिसिस केंद्रातल्या यादीबाईंचं खरं नाव पगारपत्रकालाच ठाऊक असेल. उद्या कोणाची पाळी किती वाजता, ही यादी त्या करतात, म्हणून यादीबाई. चार-चार तास मशीनला जखडलेल्या आम्हाला दुसरा उद्योग काय? बाईंनी चष्मा बदलला तरी आमच्यात दोन दिवस चर्चा.

चोपन्नाव्या वर्षी बाई डब्याच्या सुट्टीत प्रोग्राम लिहायला शिकत होत्या. गिरवायला आधीच्या कारकुनाची एक जुनी, बंद पडलेली फाइल होती. तिच्यातल्या एका कामाचं नाव होतं 'सुरुवात'. प्रोग्राम तिथूनच सुरू होणार, अशी बाईंची समजूत. एका दुपारी त्यांनी नवी फाइल उघडली आणि नावं वेळेनुसार लावायचं तेवढंच काम जुनीतून मागवलं. 'सुरुवात'ला हातही लावला नाही.

पण ही भाषा नावाला भुलत नाही. फाइल मागवली की ती पहिल्या ओळीपासून खाली उतरत जाते. नाव देऊन बांधलेली कामं नुसती लक्षात ठेवते, बोलावल्याशिवाय करत नाही. कुठल्याच कामात न बांधलेली मोकळी ओळ दिसली की तिथल्या तिथे पार पाडते. कारकुनाने चाचणीसाठी तळाशी मेसेज पाठवणारी अशी एक ओळ ठेवली होती. एका पेशंटला मेसेज गेला: 'उद्या सकाळी आठला या.'

तो पेशंट तीन महिन्यांपूर्वी वारला होता.

दुसऱ्या दिवशी आठला त्याची बायको आली. मशीनवर त्याला थंडी वाजायची म्हणून आणायचा, ते पांघरूण काखेत. आता बाई चूक कॉम्प्युटरवर ढकलणार, असं मी शेजारच्याच्या कानात म्हटलं. साफ चुकलो.

"काकू, चूक माझी," बाई म्हणाल्या. "मला वाटलं, मी सांगेन तिथूनच ते सुरू होईल. ते वरून सगळं वाचत आलं."

"हे आता नाहीत, ते काय मला ठाऊक नाही? पण बोलावणं आलं, घरात बसवेना. कुठली ओळ ती?"

बाईंनी स्क्रीन वळवली. काकूंनी त्या नावावर बोट ठेवलं.

"पुसते लगेच."

"पुसू नकोस गं. असू दे तिथे. फक्त बोलावू नकोस."

बाईंनी ती ओळ उचलली, नव्या कामात बांधली, आणि ते काम कुठूनच बोलावलं नाही. मग फाइल पुन्हा चालवली. काकूंनी नवऱ्याचा फोन टेबलावर ठेवला होता. दोघी त्याच्याकडे बघत राहिल्या. आम्हीसुद्धा.

फोन वाजला नाही. काकूंनी तो उचलून पांघरुणात गुंडाळला.