धरणाखालचं वीजघर

जाळीवर जलपर्णी साचते तसे आमच्या वीजघरात किस्से साचतात. सकाळी काढावेत, संध्याकाळी पुन्हा तेवढेच! जुन्नर तालुक्यातल्या एका धरणाच्या पायथ्याशी हे छोटं वीजघर आहे. पाणी आधी टर्बाइन फिरवतं, मग कालव्यातून शेतांकडे जातं. बाबा तिथे ऑपरेटर आहेत. मी चारचौघांत बोलत नाही, त्यामुळे मला सगळं ऐकू येतं.

एकाच गोष्टीवर तिथे कोणी हसत नाही. टर्बाइनकडे पाणी आणणाऱ्या लोखंडी नळात दुरुस्तीला माणूस उतरतो. तो आत असताना पाणी सुटलं तर? बाबा नळात उतरले की ते घरी येईपर्यंत आई जेवत नाही.

०

बबनकाका कळंबचे, फिटर. स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवतात आणि मूठ कानाला लावून मशीन ऐकतात. नव्या इंजिनियर मॅडम हसल्या, "काका, मीटर आहे ना!"

"मीटर बोलत न्हाई, मॅडम."

आठवड्याने मॅडमनी स्वतः कान लावला आणि मागे सरकल्या. "आत कोणीतरी कण्हतंय!"

"ते रोजचंच. गप झालं की मला हाक मारा!"

०

एकदा मशीन बंद असूनही शाफ्ट हळूहळू फिरत होता. मॅडम घाबरल्या. बाबा म्हणाले, "झडपेतून पाणी झिरपतंय." झडप दुरुस्त झाली, शाफ्ट थांबला.

बबनकाका त्याच्याकडे बघत म्हणाले, "राव, फिरत व्हता तेच बरं व्हतं. आता वाटतंय, कुनीतरी धरून ठेवलाय!"

०

तात्यांचं गाव धरणात गेलं. ते बाबांना दर सोमवारी फोन करायचे, "आमच्या उंबऱ्यावर आज किती पाणी?" बाबा पातळी बघून हिशोब करून सांगायचे.

एकदा बाबांनी चौदा फूट सांगितलं. मंगळवारी पुन्हा फोन.

"चौदा न्हाई, भाऊ. जास्त हाय. जाऊन आलो."

"कुठं, तात्या?"

"घरी."

०

नळात जाणारा गमबूट घालतो आणि स्वतःच्या चपला नळाच्या दारापाशी काढतो. दारात एक जरी जोड असला तरी दार लावायचं नाही, हा बबनकाकांचा नियम.

त्या दुपारी मी डबा घेऊन गेले होते. बाबा आणि बबनकाका नळातून बाहेर आले, आपापल्या चपला घातल्या. कालव्यावरच्या आळे गावाहून फोनवर फोन येत होते, पाणी कधी सोडता? मॅडमनी दाराला हात घातला.

दारापाशी अजून एक जोड होता. जुना, ओला. मोठ्या माणसांत मी पहिल्यांदाच बोलले, "थांबा!"

"कुनाच्या ह्या?" बबनकाकांनी विचारलं. आत तर दोघंच गेले होते.

"असू दे. बघून येतो," म्हणत बाबांनी चपला काढून पुन्हा गमबूट चढवले.

मॅडम, बबनकाका आणि मी, तिघं दार अडवून उभे राहिलो. आतून बाबांच्या पावलांचा आवाज लांब गेला, मग ऐकूच येईना. मी डब्याची कडी घट्ट धरली होती.

खूप वेळाने बाबा बाहेर आले. कपाळ पुसत म्हणाले, "पोरी, बरं झालं बोललीस. व्हता एकजन आत, पार टोकाला. माझ्या म्होरंच भायेर आला. कुठंय त्यो?"

बबनकाकांनी खाली पाहिलं.

दारापाशी फक्त बाबांच्या चपला होत्या. शेजारची फरशी ओली होती.