शालीखालची तबकडी

सारंगकाका स्क्रूड्रायव्हरने ऐकत. हे वाक्य मी अलंकार म्हणून लिहिलेले नाही. हातभर लांबीचा, लाकडी मुठीचा एक स्क्रूड्रायव्हर त्यांच्या उशाशी असे. त्याचे टोक ते यंत्राला टेकवत, मूठ कानामागच्या हाडावर दाबत आणि डोळे मिटून घेत. विहिरीवरचा पंप, काकींचा मिक्सर, मिरकरवाडा बंदरातल्या होड्यांची इंजिने, सगळ्यांची तपासणी याच पद्धतीने होई. मग निदान मिळे. "बेअरिंग गेलंय. आज नाय, पण पंधरा दिवसांत दगा देणार." हाडातून ध्वनी कसा जातो, हे मी सातवीच्या वर्गाला कित्येक वर्षे फळ्यावर आकृती काढून शिकवले. ते रोज करणारा माणूस कुंपणापलीकडे राहत होता, हे माझ्या उशिरा लक्षात आले.

सारंग म्हणजे जहाजावरच्या खलाशांचा मुकादम. आमचे काका इंजिनखान्याचे सारंग होते. तीस वर्षे त्या गडगडाटात काढून ते रत्नागिरीजवळ भाट्ये गावातल्या घरी परतले तेव्हा त्यांच्या कानांचा वरचा मजला रिकामा झाला होता. हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे. त्यांना आवाज ऐकू येई, बोलणे कळत नसे. स्वर जाड असतात, ते पोचत. व्यंजने बारीक असतात, ती वाटेतच गळत. काकींनी "पापड तळू का?" असे विचारले की त्यांच्यापर्यंत "आ-अ अ-ऊ आ" एवढेच येई. ते अंदाजाने "हो" म्हणत. त्या घरात पापड फार तळले जात.

मुलाने डोंबिवलीहून कानाचे यंत्र आणून दिले होते. ते बिस्किटांच्या डब्यात असे. "ता घातलं की भांडी मोठ्यान बोलतात, बाई," ते मला सांगत. "माणसं होती तशीच ऱ्हातात."

काका वाडीच्या भजनी मंडळात पखवाज वाजवत. जहाजावरून सुट्टीला आले तरी बॅग ठेवून आधी देवळात जात. आता मात्र त्यांचा हात लयीतून सुटू लागला होता. कारण साधे होते. भजनात लय टाळ धरतात, आणि टाळांचा आवाज बारीक. "टाळ मला दिसतात, पण ऐकू येत नाय," असे ते स्वतःच म्हणत. मंडळाच्या बुवांना हे सांगण्याचे धैर्य नव्हते. म्हणून त्यांनी आपल्याकडची प्रतिष्ठित वाट निवडली. त्यांनी काकांचा सत्कार केला. शाल दिली, श्रीफळ दिले, दोन भाषणे झाली. शेवटी बुवा त्यांच्या कानाशी वाकून जोरात म्हणाले, "काका, आता तुम्ही पुढं खुर्चीवर बसायचं आणि नुसतं ऐकायचं."

कुंपणापाशी मला हे सांगताना काका हसत होते, पण शाल त्यांनी बोळा करून काखेत धरली होती. "बाई, मला जा एक जमत नाय, नेमका ताच काम दिलानी." मग म्हणाले, "बसतंय मी ऐकायला. पण काय ऐकायचं ता मी ठरवणार."

दुसऱ्या दिवशी ते एक तेलकट वही घेऊन आले. जहाजावर टाक्यांतल्या तेलाची पातळी टिपण्याची ती वही होती. मागच्या पुठ्ठ्यावर इंग्रजी अक्षरांत एक नाव होते, दुसऱ्या कुणाच्या हाताचे. फार वर्षांपूर्वी त्यांच्या पाळीत एक परदेशी फिटर होता. तो इंजिनखान्याशेजारच्या खोलीत एक कॅसेट लावी आणि काका दाराला पाठ टेकून उभे राहत. ते संगीत हिप-हॉप जातीचे होते. तालावर झरझर बोलणे म्हणजे हिप-हॉप, एवढी माझी समजूत होती. या कॅसेटमध्ये मात्र बोलणाराच नव्हता. जुन्या तबकड्यांतले ढोलांचे, तारांचे चिमूटभर तुकडे कापून, ते पुन्हा पुन्हा फिरवून, एकावर एक रचलेले होते. त्या प्रकारातली ती नावाजलेली कृती आहे, हे मला पुढे कळले. जहाज सोडताना काकांनी फिटरकडून तिचे नाव लिहून घेतले होते.

"ही रेकॉर्ड मला पायजे," ते म्हणाले. "ह्यात शब्दच नाय. म्हणजे मी काय चुकवत पण नाय."

मुलाने फोनवरून सांगितले की हे सगळे मोबाईलवर फुकट मिळते. निरोप मी कागदावर लिहून दाखवला. काकांनी त्याखाली लिहिले, "मोबाईलच्या तोंडातून फक्त बारीक आवाज निघतो. जाड आवाजाला खोका लागतो." भौतिकशास्त्राच्या दृष्टीने या उत्तराला मी पूर्ण गुण दिले असते.

रत्नागिरीत अशी तबकडी मिळणे शक्य नव्हते. मुंबईच्या एका दुकानाचा पत्ता लागला. फोनवर मी बोलले, काका समोर बसून माझ्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. दुकानातला मुलगा सभ्य होता. त्याने विचारले, "नातवासाठी घेताय का?" मी प्रश्न लिहून दाखवला. काका म्हणाले, "नातवाला हवी तर त्याची तो घेईल." मग दुकानातल्या मुलाने प्रामाणिकपणे सांगितले की प्रत वापरलेली आहे, वेष्टनाचा कोपरा दुमडला आहे आणि पहिल्या बाजूला बरीच खरखर आहे. शौकीन गिऱ्हाइके ती परत ठेवतात. हे वाचून काकांचा चेहरा उजळला. खरखर बारीक असते.

"त्याला सांगा, खरखर त्याची त्याला ऱ्हावदे. मला ती येतच नाय ऐकू. माझ्यासाठी ती रेकॉर्ड कोरी हाय."

कुरिअरने तबकडी आली तेव्हा दुसरी अडचण उभी राहिली. जहाजाच्या दिवसांत आणलेला जपानी प्लेअर माळ्यावर होता, पण त्याचा रबरी पट्टा विरघळून गेला होता. काकांनी पंपाच्या रबरी कडीतून नवा पट्टा कापला, जोडला आणि मला बोलावले. "वेग तपासून द्या. तेवढा गणित तुमचा." अशी तबकडी मिनिटाला तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेते. अपूर्णांक मोजणे कठीण, म्हणून तीन मिनिटे घ्यावीत, शंभर फेरे भरले पाहिजेत. तबकडीच्या कडेला कागदाचा ठिपका ठेवून मी मोजले. एकशे चार भरले. काकांनी पट्टा काढला, कप्पीवर काहीतरी घासले. अठ्ठ्याण्णव. चौथ्या खेपेला बरोबर शंभर आले, तेव्हा आम्ही दोघांनी चहा घेतला. काकी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "पोर पास झाला वाटतं."

त्या दिवसापासून दुपारी चार वाजता त्यांच्या पडवीत तबकडी लागे. स्पीकर ते आपल्या खलाशी पेटीवर पालथा ठेवत आणि त्याच पेटीच्या दुसऱ्या टोकाला बसत, म्हणजे लाकडातून ठोका अंगात येई. स्क्रूड्रायव्हरचे टोक खोक्याला, मूठ कानामागे. वाजवून झाले की प्लेअरवर सत्काराची शाल पसरत. "धूळ बसू नये म्हणून बरी हाय," ते म्हणत. "जाड हाय."

काकी कुरकुरत. "ह्यांना माझा आवाज पोचत नाय, हा ढणढणाट मात्र बरा पोचतो."

"तुझ्या बोलण्यात जरा ढोल घाल," काका म्हणत.

वाडीतही कुजबुज झाली. या वयात हे काय, देवळाशेजारी हे कसले संगीत, असे लोक मला विचारू लागले, जणू काका माझ्या वर्गात होते. ते काय करत होते हे मला दिसत होते. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी पखवाज पुढ्यात घेतला आणि तबकडीबरोबर वाजवू लागले. एके दिवशी मला हाक मारून त्यांनी आपल्याशेजारी पेटीवर बसवले. "बाई, नीट बघा. चार ठोके. तिसरा जरा मागं पडतो. पडला? परत बघा. परत तिथंच पडला. हा बिघाड नव्हे. हा वाजवणाऱ्याचा हात." मग आवाज उतरवून म्हणाले, "माझा हात पण मागं पडायचा, पण दर वेळी जागा बदलून. ता बिघाडच. बुवांचा बरोबर होता." मग पखवाज बाजूला सारत म्हणाले, "पण बिघाडावर शाल हा उपाय नव्हे. इंजिन बिघडला तर आमी त्याला हार घालत नाय."

माझ्या नोकरीत चूक शोधण्याला फार महत्त्व होते. चूक शोधल्यावर मूल वर्गातून उठवायचे नसते, हे मात्र मी त्या पेटीवर बसून शिकले.

माघातल्या सप्ताहाच्या पहिल्या दिवशी काका देवळात आले ते फणसाची एक लांब फळी खांद्यावर घेऊन. पखवाजाच्या जागी बुवांचा पुतण्या बसला होता. काकांनी फळी त्याच्यापुढे आडवी टाकली.

"तू तासाभरान ये," ते त्याला म्हणाले. "तवर माझी पाळी."

बुवा हार्मोनियमवरून उठले. "काका, अहो, तुमचा सत्कार झालाय."

हे वाक्य काकांना ऐकू आले नसणार, पण कळले. "झालाय. शाल परत आणून देऊ?"

मंडपात हसू फुटले. बुवांचा चेहरा लाल झाला, पण ते बसले. काका पखवाज घेऊन फळीच्या मधोमध बसले आणि दोन्ही टाळकऱ्यांना त्यांनी तिच्या दोन टोकांना बसवले. "टाळ कसेपण वाजवा. टाच मात्र फळीवर पडली पायजे. मला टाच द्या."

मी खांबाशी उभी होते. नाकारत नाही, मी मनात मोजत होते. संथ चालीत सारे सुरळीत गेले. द्रुत चाल आली, डावीकडचा टाळकरी रंगून गेला आणि टाच विसरला. काकांचे हात पखवाजावर तसेच अधांतरी थांबले. सगळा मंडप त्यांच्याकडे पाहू लागला. ते अजिबात घाईला आले नाहीत. त्यांनी टाळकऱ्याच्या पायाकडे नजर लावली. उजव्या टोकाची टाच पडली, मग डावीकडची, आणि पुढच्या समेला त्यांची थाप अशी बसली की बुवांचा हात हार्मोनियमवरून आपोआप वर गेला.

आरतीनंतर बुवा त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले, तोंड नीट दिसेल असे. सावकाश म्हणाले, "फळी उद्या घरी नेऊ नका. इथंच ठेवा."

ती फळी पाच वर्षांचे पाच सप्ताह तिथे राहिली आणि काका तिच्यावर बसले. सहाव्याच्या आधी, भर उन्हाळ्यात ते गेले. आजार दोनच दिवसांचा होता. मुलगा घर बंद करून काकींना डोंबिवलीला घेऊन गेला. निघताना काकींनी प्लेअर, तबकडी, स्क्रूड्रायव्हर आणि शाल माझ्या ओटीवर आणून ठेवले. "तिथं भिंती पातळ आहेत," त्या म्हणाल्या. "आणि तुम्हाला शंभर मोजता येतात."

गेल्या वर्षापासून माझ्याही कानांतून व्यंजने गळू लागली आहेत. आमच्या शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेची मी निवृत्तीनंतरही परीक्षक आहे. यंदा शाळेच्या संचालक मंडळाचे पत्र आले. माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करण्याचे ठरले आहे आणि मी पहिल्या रांगेत बसून स्पर्धेचा आनंद घ्यावा, अशी नम्र विनंती होती. पत्र सुवाच्य होते, शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

मी उलट टपाली उत्तर लिहिले. परीक्षकाची खुर्ची माझ्यासाठी ठेवावी. ती व्यासपीठाच्या लाकडी फळ्यांवर, बोलणाऱ्यापासून तीन हातांवर असावी आणि मुलांनी माझ्याकडे तोंड करून बोलावे. शाल आणू नये. एक घरात आहे, आणि ती वापरात आहे.