खिडकीतली बाई

त्या बाईच्या चेहऱ्यावर उजेड डावीकडून येत होता. फोटोतल्या बाकी सगळ्यांवर उजवीकडून.

मी स्क्रीनवर झूम केलं. लाकडी लॉज, व्हरांड्यात ओळीने उभं कुटुंब आणि वरच्या खिडकीत ती. जुन्या फोटोंचे स्कॅन येतात, मी डाग आणि चिरा काढतो. त्याला रिटचिंग म्हणतात. माझा स्टुडिओ वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावात. हे फोटो बाल्टिक समुद्राकाठच्या एका लहान गावातले. लोक तिथे हवापालटाला जातात. हे काम पाठवणाऱ्या तिथल्या म्युझियमच्या रूताबाई म्हणाल्या होत्या, गाव जागेवरच राहिलं, सरहद्द मात्र त्याच्यावरून ये-जा करत राहिली.

ते फोटोंत दिसत होतं. एकाच लॉजचे तीन फोटो, मध्ये बरीच वर्षं. पहिल्यात दारावर जर्मन पाटी, दुसऱ्यात लिथुआनियन, तिसऱ्यात रशियन. पहिल्यातली मुलं दुसऱ्यात मोठी झालेली. तिसऱ्यात तर कुटुंबच वेगळं. खिडकीतली बाई मात्र तिन्हींत तीच. तेच वय, तशीच कललेली मान.

भर दुपार होती. रस्त्याने सोयाबीनचे ट्रॅक्टर जात होते. तरी मी उठून स्टुडिओचं दार सताड उघडलं.

मग तिच्या कडा तपासल्या. कात्रीच्या खुणा होत्या. म्हणजे जोडकाम: गेलेल्या माणसाचं चित्र कापून नव्या फोटोत चिकटवायचं आणि त्याचा पुन्हा फोटो काढायचा. आम्ही हेच कॉम्प्युटरवर करतो. माझ्याकडेही तसं एक काम पडून होतं. मेडशीच्या सासूबाई म्हणाल्या होत्या, "जवाईबापू, धाकट्याच्या लग्नात सारे हायेत, माही सुमनच नाई. तिले उभी करून द्या." सुमन माझी बायको. त्या लग्नाच्या थोडं आधी गेली. ती फाइल मी उघडली नव्हती.

रूताबाईंना कॉल करून जोडकामाचं सांगितलं.

"म्हणजे खोटी आहे? काढून टाका. डायरेक्टरना प्रदर्शनात खोटं काही नको."

"तिसऱ्या फोटोतल्या कुटुंबाने परकी बाई का चिकटवली, तेवढं त्यांच्यापैकी कुणाला विचारा."

"उद्या प्रिंटिंग आहे."

"विचारा. तोवर मी हात लावत नाही."

संध्याकाळी त्यांचाच फोन आला. आवाज उतरला होता. ती पहिल्या मालकांची मुलगी, समुद्रात बुडालेली. घरचे दर फोटोत तिला घेत. युद्धानंतर ते निघून गेले, रशियन कुटुंब आलं, तेव्हा तिचा फोटो भिंतीवरच होता. त्या कुटुंबातली लेक आता म्हातारी आहे. ती म्हणाली, आम्ही दोनदा तिच्याशिवाय फोटो काढला. दोन्ही वेळा सकाळी ती खिडकी उघडी सापडली.

"मग काढू?" मी विचारलं.

"नको. डायरेक्टरही नको म्हणाले."

तिन्ही फोटो तसेच लागले.

मग सुमनची फाइल उघडली. तिच्यावरही उजेड डावीकडून होता, मांडवात सगळ्यांवर उजवीकडून. जुळणारी जागा एकच, मागचं दार. तिथे तिला उभं केलं.

सासूबाईंनी प्रिंट डोळ्यांजवळ धरली. "मांडवात काहून नाई? दारात कायले?"

"तिथंच उजेड जुळत होता, आई."

त्या बघत राहिल्या. "पन हे तुमच्याकडे पाहून राह्यली."

मांडवातल्या ओळीच्या टोकाला मी होतो. सुमनच्या मूळ फोटोत ती कॅमेऱ्याकडे बघत होती, असं मला पक्कं आठवतं. मूळ फाइल कॉम्प्युटरवर आहे. मी उघडून पाहिली नाही.

जोडकामात उजेड जुळवावा. नजरेला हात लावू नये.