हुंगून पास केलेला मका

त्याचं खरं नाव सह्या करण्यापुरतं उरलं होतं. एरवी सगळे त्याला नाकाजी म्हणत. नाक काही फार मोठं नव्हतं. पण सकाळी कोंबड्यांच्या शेडचं दार उघडून तो उंबऱ्यात उभा राहायचा, डोळे मिटून एक लांब श्वास आत ओढायचा आणि आतल्या शेकडो पोटांत काय चाललंय ते सांगायचा. ‘पाणी कमी पितायत.’ ‘मधल्या रांगेत पोट बिघडलंय कुणाचं तरी.’ जाऊन बघावं तर खरंच तसं असायचं. शेडचा मालक म्हणजे त्याचा थोरला भाऊ. फोनवर व्यापाऱ्याशी हमरीतुमरीवर आलेला हा दादासुद्धा त्या वेळी फोन छातीशी दाबून गप्प उभा राहायचा. ‘हा माणूस नाकानं जगतो,’ तो म्हणायचा, ‘बाकीचा देह नुसता सोबतीला आहे.’

हिवाळ्यात नाकाजीला ताप आला. ताप उतरला, पण जाताना वासही घेऊन गेला. सर्दी असेल म्हणून नाकाजीनं वाट पाहिली. मग साबण हुंगला, मिरी हुंगली, रॉकेलचा डबा हुंगला. सगळं कोऱ्या कागदासारखं. एका दुपारी तो चुलीशेजारी बसला होता आणि पातेल्यातलं दूध जळून काळं झालं. बायको मागच्या अंगणातून धावत आली.

‘अहो, इथंच तर बसलायत. वास नाही आला?’

‘मला वाटलं, तू मुद्दाम आटवतेयस.’

ती हसली. तो तिच्यापेक्षा मोठ्यानं हसला आणि त्याच हसण्याच्या आडोशाला त्यानं आपलं गुपित ठेवून दिलं. सांगणार तरी कुणाला? गवयाचा गळा गेला तर लोक हळहळतात. याचं नाक गेलं तर हा फक्त दादाचा धाकटा भाऊ उरणार, जो दादाच्या शेडमध्ये काम करतो आणि दादाच्या होला हो करतो.

नेमक्या त्याच सुमारास त्यानं म्हाताऱ्या कोंबड्यांची हमी घेतली होती. एक सबंध हंगाम अंडी देऊन दमलेल्या कोंबड्या कापायला नेणाऱ्या गाडीवाल्याला देऊन टाकायच्या आणि नवा कळप भरायचा, ही दादाची पद्धत. या वेळी नाकाजी मध्ये पडला. म्हणाला, ‘या अजून अंडी घालतील, दादा. यांचं फक्त पोट थकलंय. खातात तेवढंच, पण अंगी लागत नाही. आतडं सांभाळलं की अंड्याचं कवच आपोआप सांभाळलं जातं.’

‘आणि नाही सांभाळलं तर?’

‘मी आहे ना.’

दादा त्या नाकाकडे बघून हो म्हणाला. पण अट घातली. भिंतीपलीकडच्या शेडमध्ये तरण्या कोंबड्या होत्या, विकतच्या तयार खाद्यावर वाढणाऱ्या, घराचं सगळं त्यांच्यावर चालायचं. म्हाताऱ्यांत रोगाची शंका जरी आली, तरी त्याच दिवशी गाडीवाला.

नाकाजी झटून कामाला लागला. शिंपल्याचा चुरा त्यानं मुद्दाम जाडसर आणला. बारीक असला की लवकर निघून जातो, जाड असला की पोटात रेंगाळतो आणि रात्री कवच धरताना उपयोगी पडतो. आतड्याला बरे असे जिवाणू असलेली पावडर आणली. ती पाण्यात घोळून खाद्यात कालवायची, म्हणून त्या दिवशी टाकीत क्लोरीन टाकू द्यायचा नाही, नाहीतर जिवाणू पोटात जायच्या आधीच मरणार. यीस्ट आणलं, लसूण वाळवून कुटला. बायको खाद्य कालवायची. ती म्हणायची, ‘माझ्या बाळंतपणात एवढं केलं असतंत तर आज मी पैलवान असते.’

तेवढ्यात मक्याची नवी गाडी आली. पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचा, मूठभर दाणे वर काढायचे, हुंगायचे आणि बोलायचं, ही नाकाजीची रीत. त्यानं हात घातला. आतला मका किंचित ऊबदार लागला. गाडी उन्हात उभी होती, असं त्यानं स्वतःला समजावलं. मूठ नाकाशी नेली, डोळे मिटले. आजूबाजूला सगळे थांबले होते. काहीच नव्हतं, कोरा कागद.

‘चांगलाय,’ तो म्हणाला. ‘उतरवा.’

पहिलं पोतं दळताना बायकोनं नाक मुरडलं. नवऱ्याकडे पाहिलं. तो पावडर मोजत होता, निवांत. ती पुन्हा कामाला लागली. ज्या वासावर या माणसानं शिक्का मारला त्यावर आपण काय बोलायचं, असा तिचा हिशेब.

काही दिवसांनी दादा कोठाराच्या दारात अडखळला. ‘वेगळाच वास येतोय रे. तुझ्या पावडरीचा का?’

नाकाजीच्या हातातलं माप क्षणभर हवेतच राहिलं. कुठला वास? कसा? आंबट, गोड, सडका? एक प्रश्न विचारला असता तर सगळं कळलं असतं. आणि तोच प्रश्न त्याला विचारता येत नव्हता.

‘हो,’ तो म्हणाला, ‘पावडरीचाच.’

दादा मान डोलावून गेला. त्या दिवसापासून नाकाजीला नीट झोप लागेना. काहीतरी आहे, सगळ्यांना ते येतंय आणि फक्त आपल्याला येत नाही, एवढंच त्याला ठाऊक होतं. तो दाणे चघळून बघायचा. किंचित कडू लागायचे. पण तापापासून सगळंच कडू लागत होतं. पोतं बदलून बघावं, तर बाकीची पोतीही त्याच गाडीची.

म्हाताऱ्यांची विष्ठा पातळ झाली. कवचं इतकी पातळ की अंडं उचलताना बोट आत जाई. तुरे फिकटले. नाकाजीनं जिवाणूंची पावडर वाढवली, लसूण वाढवला. त्या पावडरीला बिचारीला काय, ती त्याच खाद्यात मिसळून पोटात जात होती. वरून औषध आणि खालून दुखणं, एकाच घासात.

सकाळी दोन कोंबड्या पिंजऱ्यात आडव्या सापडल्या, तेव्हा दादानं डॉक्टरीणबाईंना बोलावलं. तोंडावर मास्क आणि हातात मोजे चढवून त्यांनी त्यातली एक चिरून उघडली. यकृत पिवळट होतं, बोटानं दाबलं की भुगा होत होतं. आतड्याचं अस्तर विरलेल्या फडक्यासारखं.

‘खाद्याला वास वगैरे?’ त्यांनी विचारलं.

सगळ्यांनी नाकाजीकडे बघितलं. बायकोनंही.

‘खाद्य स्वच्छ आहे,’ नाकाजी म्हणाला.

‘बरं. तरी नमुना देते तपासायला. अहवाल येईपर्यंत हे खाद्य थांबवलेलं बरं.’

त्या गेल्यावर दादा कठड्याला टेकून बसला. रागावला नव्हता, तेच जास्त वाईट होतं. ‘थांबवायचं काय त्यात,’ तो म्हणाला. ‘तू हुंगलंयस. दुखणं वयाचंच आहे. गाडीवाल्याला उद्या बोलावतो. मला काळजी पलीकडच्यांची आहे. हे भिंत ओलांडून तिकडे जायला नको. तुझं ते पावडरवालं खाद्य त्यांच्याही पोटात जायला हवं. पोट आधीच मजबूत झालेलं बरं.’

‘तिकडे नको,’ नाकाजी म्हणाला.

‘का नको?’

नाकाजीनं कालवणीच्या घमेल्यातून मूठभर खाद्य उचललं. क्षणभर स्वतःच्या नाकाकडे न्यायला निघालेला हात त्यानं वळवला आणि बायकोच्या तोंडासमोर धरला.

‘याला कसला वास येतोय?’

ती त्याच्याकडे बघतच राहिली. ‘मला काय विचारताय?’

‘सांग ना.’

‘कुबट,’ ती म्हणाली. ‘ओल्या गोणपाटासारखा. पहिल्या पोत्यापासून.’

‘मग बोलली का नाहीस?’

‘तुम्ही हुंगला होतात.’

दादानं उठून मूठ ओढून घेतली आणि नाकाला लावली. त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला. ‘हाच,’ तो म्हणाला. ‘मला हाच आला होता. तू पावडरीचा म्हणालास.’

‘मला काहीच आलं नव्हतं, दादा. तापापासून काहीच येत नाही.’

बायकोला दूध आठवलं असावं. तिनं वळून घराकडे, चुलीच्या दिशेनं पाहिलं. नाकाजी वाट बघत उभा राहिला. दादा आता शिव्या देईल, मग त्या पोटभर खाऊन आपण मोकळे होऊ, असं त्याला वाटलं. मक्याला बुरशी होती, तर पोती जाळू. म्हाताऱ्यांतल्या जगतील तेवढ्या जगतील. निदान पलीकडच्या वाचल्या.

दादा शिव्या देत नव्हता. हातातलं खाद्य त्यानं खाली टाकलंच नव्हतं.

‘तू एवढा जीव लावून करतोयस,’ तो अगदी हळू म्हणाला, ‘म्हटलं, विचारायचं कशाला. परवापासून तिकडेही हेच टाकतोय मी.’

तिघं भिंतीच्या कडेनं चालत पलीकडच्या शेडकडे गेले. दार दादानं उघडलं. आत नेहमीचाच कलकलाट होता. तुरे लालबुंद, पिसं चकचकीत, दोष काढायला कुठेच जागा नाही. रांगेच्या रांगा माना खाली घालून खात होत्या, मन लावून, पत्र्यावर पाऊस पडावा तसा चोचींचा आवाज करत.

नाकाजीनं सगळ्यात जवळच्या पन्हळीत दोन्ही हात घातले आणि खाद्य उपसून खाली लोटायला सुरुवात केली. बायको दुसऱ्या टोकाला गेली, दादा मधल्या रांगेला. बादली आणायलाही कुणी थांबलं नाही. पन्हळ रिकामी होऊ लागली तशा कोंबड्या चिडल्या आणि तिघांच्या बोटांवर चोची मारू लागल्या, नखांत अडकलेले कण टिपून घेण्यासाठी.