चौथा फायदा

सर छात्रसेनेचे फायदे उजव्या हाताच्या बोटांवर मोजून दाखवत. अंगठा करंगळीवर टेकवून म्हणत, "पह्यला. परेड झाली का केळी अन् उकडलेली अंडी. घरी कोन देते तुमाले?" मग अनामिका. "दुसरा. पोलीस भरतीत वरचे मार्क." मग मधलं बोट. "तिसरा. सी सर्टिफिकेट चांगलं निघालं तर फौजेत अफसर व्हाले लेखी परीक्षाच नाही. डायरेक्ट मुलाखत." चौथं बोट त्यांना नव्हतं. तिथे पेरभर थोटूक उरलं होतं. त्यावर अंगठा दाबून ते समोरच्या पोरांकडे बघत आणि म्हणत, "अन् चौथा. घर सुटते."

पोरं हसत. दर वर्षी प्रवेश झाले की नवी पोरं यायची आणि तोच हशा व्हायचा. माझा गृहअर्थशास्त्राचा वर्ग मैदानाला लागून होता, त्यामुळे मला ते भाषण पाठ झालं होतं. सर मात्र एकदाही हसले नाहीत.

जळगाव जामोदच्या आमच्या कॉलेजात ते भूगोल शिकवत, पण भूगोलासाठी त्यांना कोणी ओळखत नसे. बोटामुळे त्यांना छात्रसेनेतला हुद्दा मिळालेला नव्हता. हुद्द्याचा मास्तर नसला की कॉलेज कुणाला तरी 'केअरटेकर' नेमतं, तसे ते नेमलेले. पोरांच्या खांद्यावर फिती असत, यांचे खांदे रिकामे. पांढरा शर्ट, खाकी पँट आणि तोंडात शिव्या नसलेल्या शिव्या.

तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल. अशांना आपण वरून कडक, आतून मऊ म्हणतो आणि मोकळे होतो. मी इतकी वर्षं शेजारच्या वर्गात काढली आहेत. आत मऊ असं काही मला तरी दिसलं नाही.

एकदा पंधरा ऑगस्टला झेंड्यासमोर एक पोरगा चक्कर येऊन पडला. सर मागे वळले, पाहिलं आणि पुढच्या रांगेला म्हणाले, "बाजूनं जा. तुडवू नका त्याले, डरेस खराब होईन." एका जाड्या पोराला ते रोज सगळ्यांदेखत विचारत, "काय बे, आज किती भाकरी हाणल्या?" त्या पोराने शेवटी डबा आणणंच बंद केलं. आणि कोणी रडायला लागलं, मुलगा असो की मुलगी, की त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "रड. पन कदम मिळवून रड." पोरं खरोखर रडत रडत पाय उचलायची. ते दृश्य पाहून माझ्या वर्गातल्या मुली शिजत ठेवलेल्या भाताकडे पाहायचं विसरायच्या.

कापूस वेचणीच्या दिवसांत आमचे वर्ग ओस पडत. बीटी बियाणं आल्यापासून बोंडं एकदम फुटायची, मजूर मिळायचे नाहीत, आणि कॉलेजातला पोरगा म्हणजे घरचा फुकटचा मजूर. परेडला हजेरी कमी झाली की सर चवताळायचे. एका रविवारी त्यांनी अख्खी तुकडी वर्दीनिशी एका गैरहजर पोराच्या शेतात नेली. कपाशीच्या एकेका तासात, म्हणजे ओळीत, एकेक पोरगा उभा केला आणि हुकूम दिला, "तेज चल." दुपारपर्यंत शेत वेचून झालं. त्या पोराचा बाप हरखला होता, पोरांसाठी चहा सांगत होता. सरांनी कापसाचं शेवटचं गाठोडं त्याच्या पायापाशी टाकलं. "घ्या. कापूस तुमचा, पोरगं आता माहं. वेचाले पुन्हा बलावसान तर याद राखा." बापाच्या हातातली किटली तशीच राहिली. तो पोरगा पुढे फौजेत शिपाई झाला. बाप अजूनही सरांच्या नावाने बोटं मोडतो.

मला वाटायचं, या माणसाचं बापांशी काहीतरी वाकडं आहे. पण विचारायची वेळ आली ती रेहानामुळे.

रेहाना वरवट बकालच्या पिंजाऱ्याची मुलगी. सी सर्टिफिकेट उत्तम श्रेणीत मिळवलेली आमच्या कॉलेजची पहिली मुलगी, त्यामुळे तिला भोपाळला थेट मुलाखतीचं बोलावणं आलं. त्या एका मुलाखतीवर तिचं सगळं होतं. घरच्यांनी सांगून ठेवलं होतं, या वेळी नाही झालं तर बकरीदनंतर निकाह. एवढी मुदतसुद्धा तिला तिच्या अब्बांनी सगळ्यांशी भांडून मिळवून दिली होती.

ते बोंडअळीचं वर्ष होतं. बीटीचा सगळा डौल त्या अळीने उतरवला. कपाशीत कापूस कमी आणि कवडी, म्हणजे अळीने खाल्लेला कापूस, जास्त. किडकी, पिवळी, व्यापारी हातात न घेणारी. गाव डोक्याला हात लावून बसलं होतं आणि काम होतं ते एकट्या पिंजाऱ्याला. लोक कवडी आणून टाकत, निदान गाद्या तरी भरून दे म्हणत. रेहानाचे अब्बा त्या धुरळ्यात दिवसभर पिंजत बसत आणि खोकत.

सरांचा एक नियम होता. मुलाखतीच्या आधी महिनाभर कॅडेटने घरी जायचं नाही. मुलं कॉलेजच्या सामानाच्या खोलीत झोपत. मुलीला तिथे कसं ठेवणार? सरांनी मला विचारलं नाही, नुसतं सांगितलं, "मॅडम, तुमच्या घरी मांगची खोली रिकामी हाय. रेहाना तिथं राहीन." मी एकटी राहत होते आणि पोरगी गोड होती. मी हो म्हटलं.

रेहाना पहाटे धावायची, दुपारी इंग्रजी पेपर मोठ्याने वाचायची आणि संध्याकाळी माझ्या ओट्यावर बसून वरवट बकालच्या बसकडे बघायची. "मॅडम, अब्बाचा खोकला वाढला म्हन्ते अम्मी. एक दिवस जाऊन येऊ?" मी सरांना सांगितलं. सर म्हणाले, "नाही."

मग एके सकाळी तिचे अब्बाच आले. मैदानाच्या तारेपाशी उभे. दाढीत कापसाचे तंतू, काखेत हिरव्या खोळीची छोटी उशी. रेहाना पलीकडच्या टोकाला धावत होती.

"सर, दोन मिन्टं पोरीसंग बोलू द्या. ही उशी देतो अन् जातो. साऱ्या कवडीतून चांगला कापूस निवडून भरली."

"पाहून घ्या इथूनच," सर म्हणाले. "बोलनं मुलाखतीनंतर. उशी माह्याजवळ द्या."

अब्बांनी उशी दिली. तारेला धरून त्यांनी तिची एक पूर्ण फेरी पाहिली. ती जवळून गेली तेव्हा त्यांना खोकला आला. तो त्यांनी गमछा तोंडात कोंबून दाबला, पोरीचं लक्ष जायला नको म्हणून. मग ते बस स्टँडकडे गेले. मी हे सगळं वर्गाच्या खिडकीतून पाहिलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

त्या दिवशी मी सरांना स्टाफरूममध्ये गाठलं. "तुम्ही माणूस आहात की कोण? बाप होता तिचा!"

सरांनी दार लोटून घेतलं. थोटूक माझ्यापुढे धरलं आणि हळू आवाजात बोलले. "मलेही मुलाखतीचं बलावनं आलं होतं, मॅडम. माह्या बापानं निरोप धाडला, एक दिवस घरी येऊन जाय. मी गावी, धामणगाव बढ्याले गेलो. कडबा कापाले बसवलं मले. मी पेंढी सारत होतो, चाक बाप फिरवत होता."

"अपघात होता?"

"मले काय माहीत? थो मरेपर्यंत मी इचारलं नाही, अन् त्यानं सांगतलं नाही. एकुलता एक होतो मी. शेत होतं."

 राग गेला असं मात्र नाही. त्यांच्या बापाचं उट्टं त्यांनी रेहानाच्या बापावर का काढावं, हा प्रश्न मला तेव्हाही होता आणि आजही आहे.

भोपाळला सर स्वतः तिच्याबरोबर गेले. नाव मुलाखतीचं, पण आत पाच दिवस चाचण्या चालतात आणि उमेदवारांचे मोबाईल काढून घेतात, म्हणून घरी सरांचा नंबर दिलेला होता. सर फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर दिवसच्या दिवस बसून राहिले. दुसऱ्याच दिवशी वरवट बकालहून फोन आला. अब्बा गेले. दफन संध्याकाळीच होतं.

सरांनी आत निरोप दिला नाही. आत तिच्या चाचण्या चालू होत्या, आणि बाहेर हा माणूस मेलेल्याची उशी पिशवीत घेऊन चहा पीत होता. शेवटच्या दिवशी निकाल लागला. रेहानाची निवड झाली होती. ती धावत बाहेर आली, पाया पडायला वाकली, तेव्हा सर म्हणाले, "दुसरी गोष्ट आईक. तुहे अब्बा गेले. तू आत होती तवा."

हे मला रेहानानेच सांगितलं, माझ्या घरी ट्रंक न्यायला आली तेव्हा. ती रडत नव्हती. "सर म्हने, सांगतलं असतं तरी तू दफनाले पोचली नसती, अन् मुलाखतही गेली असती. हिशेब बराबर हाय, मॅडम. पन थो माहा हिशेब होता, त्यायचा नव्हता." सरांनी उशी पुढे केली तेव्हा तिने हात मागे घेतले होते. म्हणाली होती, "राहू द्या तुमच्याजवळच." परतीच्या गाडीत ती दुसऱ्या डब्यात बसली.

ती अफसर झाली. प्रशिक्षण संपलं तेव्हा चेन्नईला तिच्या खांद्यावर तारे लावायला अम्मी गेली. पेपरात फोटो आला. सरांनी तो वाचनालयात उभ्या उभ्या पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला आणि पेपर घडी करून जागेवर ठेवला. तिने त्यांना ना फोन केला ना बोलावलं. पुढच्या वर्षी प्रवेशाचं भाषण झालं. करंगळी, अनामिका, मधलं बोट. मी वर्गात पातेलं हातात घेऊन थांबले. चौथा फायदा त्यांनी सांगितलाच नाही. त्यानंतर कधीच सांगितला नाही, आणि पोरांना काही राहिलं आहे हे कळायचं कारण नव्हतं. बाकी कडकपणा तसाच होता. पोरं रडत होती आणि कदम मिळवत होती.

निवृत्तीनंतर सर इथेच भाड्याच्या खोलीत राहिले. लग्न केलेलं नव्हतं. झोपेतच गेले. आम्ही पोहोचलो तेव्हा एक चुलत पुतण्या आला होता, आणि खांदा द्यायला कॉलेजचे दोन शिपाई. एकही कॅडेट नव्हता.

मयताचं अंथरूण आमच्याकडे घरात ठेवत नाहीत. पुतण्याने सतरंजी, चादर, सगळं गुंडाळून स्मशानाच्या कडेला टाकलं होतं. त्यात मला हिरवी खोळ दिसली. विटून पांढुरकी झालेली, मधोमध खड्डा पडलेली. त्या उशीवर हा माणूस इतकी वर्षं रोज झोपत होता. मी उचलायला वाकले.

"मॅडम, हात नोका लावू," पुतण्या म्हणाला. "मयताचं हाय थे." आणि त्याने काडी लावली. कापूस जुना आणि कोरडा होता, लगेच पेटला.

दोन दिवसांनी मी रेहानाला फोन केला. ती आता नव्या मुलींची परेड घ्यायची. पलीकडे शिट्ट्या वाजत होत्या, बुटांचा आवाज येत होता. मी सांगितलं. 

"मले आधी काऊन नाही सांगतलं, मॅडम?"

"आली असतीस?"

"नाही," ती म्हणाली. मग आवाज खाली आला. "मॅडम, त्यायच्याजवळ एक उशी होती. हिरवी. अब्बानं भरलेली. थेवढी मले पाठवता का? तवा मी रागात नाही म्हटलं होतं."

मला खोटं बोलता आलं असतं. मी सांगितलं, त्यांच्या अंथरुणाबरोबर जळली.

 मला तिचा श्वास ऐकू येत होता. तेवढ्यात तिच्या बाजूला कोणीतरी मुलगी हुंदका देऊन काही म्हणाली, आणि रेहानाने फोन कानापासून दूर केला असावा, कारण तिचा आवाज लांबून आला, कोरडा, चढा, एकेक शब्द तोडलेला.

"रोना है? रो. मगर कदम मिलाके रो."

फोन बंद करायला ती विसरली होती. मी बराच वेळ बुटांचा आवाज ऐकत बसले.