दंडावरची टिकली

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. देवळात हात जोडले की बाकीची सगळी पापं आठवतात, हे तेवढं आठवत नाही — की मीच आठवू देत नाही? तुम्ही माझे कोणी लागत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटीला आहे. कास्टिंग तपासायची, आलेख बघायचे, रेघ कुठं चुकली ते पकडायचं. वीस वर्षं हेच केलं, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा गर्व होता. माझ्या नजरेतून काही सुटत नाही, असं चारचौघांत म्हणायचो. ते शेवटी भोवलं. पण मला नाही, आईला.

आईला साखर होती. त्यात शुक्रवारचा कडक उपास — दिवसभर नुसता बिनसाखरेचा चहा, संध्याकाळी अंबाबाईचं दर्शन, आणि मग रात्री जेवण. दोनदा चक्कर येऊन पडली, तरी उपास बंद करेना. शेवटी डॉक्टरांनी तो पॅच सुचवला. रुपयाएवढा असतो, दंडाला चिकटवायचा. चौदा दिवस अंगावर राहतो आणि दर थोड्या वेळानं अंगातली साखर मोबाईलला कळवतो. आईला हसू आलं होतं. "कपाळाची गेली आणि दंडाला आली बघ टिकली," म्हणाली. आबांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

तिच्या मोबाईलमध्ये ॲप मीच घातलं. अटी मान्य आहेत का, संमती आहे का, ही माहिती आणखी कुणाला दाखवायची का — तिच्या वतीनं मीच सगळीकडं बोट ठेवत गेलो. आणखी कुणाला, तिथं माझा नंबर टाकला. तिनं पदर सावरत विचारलं, "तुला बी दिसतंय व्हय ह्यातलं?" मी नाही म्हणालो. फक्त तुलाच दिसतं, म्हणालो. का? तिला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून — असं त्या दिवशी तरी मी स्वतःला सांगितलं.

आता बहिणीचं सांगायला हवं. सुनंदा माझ्याहून सात वर्षांनी लहान. तिनं जातीबाहेर लग्न केलं आणि आबांनी तिच्या नावानं आंघोळ केली. आबा गेल्यावर हे सगळं मिटवता आलं असतं. मी मिटवलं नाही. घरात आता मी मोठा, माझा शब्द शेवटचा — मला ते आवडायला लागलं होतं, दुसरं काय? ती कसबा बावड्यात राहते, एवढंच कानावर होतं. आई तिचं नाव काढत नसे. मला वाटलं, विसरली असेल. आई कधी विसरते का? पण मला तसं वाटलं खरं.

तर शुक्रवार. कँटीनमध्ये चहा पिता पिता मी मोबाईलवर आईच्या साखरेची रेघ बघायचो. उपासाच्या दिवशी ती खाली खाली जायला हवी. जायचीही. पण पाचच्या सुमाराला एकदम उठायची आणि पन्हाळ्याच्या घाटासारखी चढायची. एक शुक्रवार झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. उपासाला शेंगदाणा तोंडात न टाकणारी ही बाई देवळात खाते तरी काय? सरळ विचारता आलं असतं. पण विचारलं असतं तर मला दिसतं, हे तिला कळलं असतं.

चौथ्या शुक्रवारी मी अर्धी रजा टाकली आणि आईच्या मागावर गेलो. स्वतःच्या आईच्या मागावर — गाडीवरून, तोंडाला रुमाल बांधून. तिनं महाद्वाराच्या बाहेरूनच हात जोडले, गालावर मारून घेतलं आणि पुढं जाऊन बावड्याची बस धरली. तिथं एका गल्लीत वळली. दार उघडलं, सुनंदाचा हात दिसला, आई आत गेली. मी समोरच्या पानपट्टीपाशी मोबाईल घेऊन उभा राहिलो. अर्ध्या तासानं रेघ चढायला लागली.

आमच्यातली जुनी माणसं लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा घेत नाहीत. आई तर त्या बाबतीत भलतीच कडक. आणि ती आई आत बसून खात होती — तेही उपास मोडून. म्हणजे सुनंदाला मूल झालं होतं. मी मामा झालो होतो, आणि ते मला साखरेच्या रेघेवरून कळलं.

आनंद झाला का? नाही. राग आला. मला वगळून ह्या मायलेकींचं सगळं छान चाललंय, ह्याचा राग. दार वीस पावलांवर होतं. मी गाडी वळवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईला सांगितलं की डॉक्टरांचा फोन आला होता. शुक्रवारी साखर भलतीच वाढते, असंच बाहेर खात राहिल्या तर डोळे जातील, पाय कापावा लागेल, असं म्हणाले. फोनबिन काही आला नव्हता. आईचा हात आपसूक दंडावर गेला. "ह्यो चुगल्या बी करतोय व्हय?" एवढंच म्हणाली. डॉक्टरांना सगळं दिसतं, असं तिला वाटलं. मी ते वाटू दिलं. आता कुठं जातेस, काय खातेस, काही लपायचं नाही, म्हणालो. तिनं माझ्याकडं बघितलं. ती घाबरली होती. आणि ती घाबरलेली बघून मला बरं वाटलं.

पुढच्या शुक्रवारी ती गेली, पण रेघ खालीच राहिली. त्याच्या पुढच्याही. मग गुडघे दुखतात म्हणून तिनं जाणंच सोडलं. शुक्रवारी पाच वाजता गॅलरीत खुर्ची टाकून बसायची, दंड पदराखाली झाकून. मी घरी आलो की मोबाईल पुढं करायची. "बघ की, आज ठीक हाय न्हवं?" मी बघितल्यासारखं करायचो आणि ठीक आहे म्हणायचो. असे सहा महिने गेले. रोज बोलता आलं असतं, नाही का?

थंडीत ती गेली. हृदय बंद पडलं, साखरेचा काही संबंध नव्हता. दंडावरचा पॅच मीच सोलून काढला. त्याचे पाच दिवस अजून शिल्लक होते.

दहाव्याला सुनंदा पंचगंगेच्या घाटावर आली. कडेवर दोन वर्षांची मुलगी. सगळं उरकल्यावर माझ्याजवळ येऊन म्हणाली, "दादा, आई चोरून यायची माझ्याकडं. ही पोर आपल्या हातानं शिरा भरवायची तिला. पण शेवटी दोनदा आली, तर पाणी बी घेतलं न्हाय. पोरगी घास धरून हुबी, आणि आईनं तोंड फिरवलं. परत आलीच न्हाय. माझं काय चुकलं रे?"

एका वाक्याचं काम होतं. माझ्याकडं ते वाक्य होतं. मी म्हणालो, "आईचा सभाव तुला म्हाईत हाय की."

खरा गुन्हा हा. आधीच्याला निदान काळजीचा मुलामा तरी देता येत होता. ह्याला काय देऊ?

त्यानंतर आमचं येणंजाणं सुरू झालं. भावकीत माझं नाव झालं — बापानं तोडलं, आईनं तोंड फिरवलं, पण भावानं जवळ केलं. सुनंदाच सांगते हे शेजारणींना, माझ्यासमोर. मी चहा पीत ऐकतो.

गेल्या भाऊबीजेला तिच्याकडं गेलो. तीच गल्ली, तेच दार. तिनं पाट मांडला, शिरा केला होता. ओवाळताना तिचे डोळे भरून आले. म्हणाली, "आईनं टाकलं मला दादा, तू न्हाय टाकलंस." भाची माझ्या मांडीवर येऊन बसली आणि तिनं शिऱ्याचा घास माझ्या तोंडाशी धरला.

मी तो खाल्ला.