आधीच करून ठेवलेलं

ताईबाई म्हशीची धार काढत होती, तेवढ्यात तिचा दत्ता मोबाइल घेऊन गोठ्यात आला. "आई, दौंडची आत्या गेली," म्हणाला. ताईबाईनं धार थांबवली नाही. म्हशीला काय सांगणार? बादली भरली, बाजूला ठेवली आणि मग ती तिथंच शेणात मटकन बसली.

दौंडची आत्या म्हणजे शैला, ताईबाईची नणंद. टीव्हीवर रांधून दाखवणाऱ्या पहिल्या बायकांतली एक. तेव्हा ताईबाईच्या गावात, निमोण्यात, टीव्ही एकच, सोसायटीच्या ऑफिसात. बुधवारी संध्याकाळी शैला पदर खोचून यायची आणि अख्खं गाव आ वासून बघायचं. काय ते बोलणं! साधी मेथीची भाजी सांगितली तरी ऐकणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावं. रेल्वे कॉलनीतल्या तिच्या क्वार्टरवर पोस्टकार्डांचं पोतं यायचं.

आता खरं सांगायचं तर शैलाला बोलता यायचं, रांधता यायचं नाही. तिची भाकरी खाऊन तिच्या नवऱ्यानं संसार केला, त्या माणसाचं देवानं भलं करो. पण टीव्हीवर वेळ वीस मिनिटांचा, तेवढ्यात मटकी काय शिजणार? म्हणून फोडणी लोकांसमोर द्यायची, झाकण ठेवायचं आणि टेबलाखालून दुसरं पातेलं वर घ्यायचं. "हे मी आधीच करून ठेवलंय," शैला गोड हसून म्हणायची.

ते पातेलं ताईबाईचं. आदल्या दिवशी एसटीनं दौंडला जायचं, पहाटे रांधायचं, पातेलं फडक्यात बांधून मांडीवर घेऊन रेल्वेनं मुंबई गाठायची. तिथं कॅमेऱ्याला दिसणार नाही असं टेबलामागं उकिडवं बसायचं आणि वेळ आली की ते वर सरकवायचं. सहा वर्षं केलं बाईनं.

तिला शाल नको होती, हार नको होता. एकदाच वन्संनी चारचौघांत म्हणावं, हे माझ्या वहिनीनं केलंय. "शेवटच्या भागात सांगते गं," शैला म्हणायची. पण शेवटचा भाग कुठला, ते आधी कुणाला कळतं? एका बुधवारी कार्यक्रम बंदच झाला. पुढं उंच टोप्यांचे शेफ आले आणि पोस्टकार्डं थांबली.

अकरा वर्षांपूर्वी दौंडात शैलाचा सत्कार झाला. स्टेजवर कुणीतरी विचारलं, "ताई, तुमच्या हाताला ही चव कुणाची?" शैलानं समोर तिसऱ्या रांगेत बसलेल्या ताईबाईकडं पाहिलं. नीट पाहिलं. आणि म्हणाली, "माझ्या आईची." आई! जिनं जन्मभर आमटी करपवली, ती! ताईबाई उठली आणि तडक एसटी स्टँडवर आली. तेव्हापासून अबोला.

गेल्या दिवाळीनंतर शैलाच्या नातीचा, तेजश्रीचा, दोनदा फोन आला. "मामीआजी, आजी बोलावतीय." ताईबाईचं एकच उत्तर, "तिला म्हणावं, सोता फोन कर. तोंड न्हाई व्हय तिला?" पलीकडून पोरगी फोन ठेवून द्यायची.

ते का, हे आज कळलं. ताईबाई दौंडला पोचली तेव्हा अंगणात शैलाला झाकून ठेवलं होतं आणि तेजश्री ताईबाईच्या गळ्यात पडून रडत होती. "आजीचा आवाजच गेला होता गं. घशातली गाठ काढली, तेव्हापासून शब्द नाही. कुणाला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली होती मला. पाटीवर लिहून बोलायची. रोज लिहायची, वहिनी आली का?"

ताईबाईनं कपाळ बडवून घेतलं. "आगं, मला मेलीला काय ठावं! चालत आली असती गं मी!"

संध्याकाळी माणसं स्मशानातून परतली. मयताच्या घरी चूल पेटत नाही, माहेरच्यांनी कडू घास आणायचा, पिठलं-भाकरी, तेही बिनफोडणीचं. ताईबाई शेजारच्या हेलनबाईंच्या स्वयंपाकघरात शिरली. डोळे पुसत तिनं बेसन आधी कोरडंच खमंग भाजलं, आधणात लसूण-मिरची ठेचून टाकली. ही तिची रीत. फोडणीचं पातेलं घ्यायला हात सवयीनं गेला, तो तिनं मागं घेतला.

पंगतीत शैलाची वरवंडची विहीण बसली होती. पहिला घास घेतला आणि थबकली. "आगं बया! माझी लेक दाखवायला हितं आणली, तवा विहीणबाईंनी हेच पिठलं वाढलं व्हतं. हीच चव! कुणी केलं हे?"

त्या दिवशीही चुलीपुढं ताईबाईच होती.

सगळ्यांचे हात थांबले. हेलनबाईंनी कौतुकानं ताईबाईकडं बोट केलं, "अहो, हे तर या..." ताईबाईनं त्यांचा हात घट्ट धरून खाली ओढला. जन्मभर जो प्रश्न कुणी विचारावा म्हणून ती झुरली, तो भर पंगतीत आला होता.

"वन्संनीच केलंय," ती म्हणाली. "आधीच करून ठेवलं व्हतं."

विहिणीला वाटलं, बाई दुःखानं भ्रमली. ताईबाईनं तोंडात पदर कोंबला आणि पंगतीत भाकरी वाढत पुढं गेली.